चार झाले, दोन राहिले

“अहो, आलीय लिफ्ट. चला ना आत,” हेडबाई म्हणाल्या. त्यांनी बाहेरचं दार पाठीनं अडवून धरलं होतं. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, आणि केबिनमधला पिवळा दिवा त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडलेला.

त्यानं बायकोचं कोपर धरलं. जरा जास्तच घट्ट धरलं असावं, कारण तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

“तुम्ही व्हा पुढं. आम्ही जिन्यानं येतो.”

“सहा मजले?”

“तेवढाच व्यायाम होतो.”

हेडबाई त्यांच्या समोरच्या घरात राहायच्या. आयुष्य शाळेत काढून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. समोरचा थाप मारतोय असं वाटलं की त्यांची मान आपोआप तिरकी व्हायची. तशी ती झाली. “तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जिन्यानं जाणार? आचारीच ताटावर बसेना, तर पंगतीनं काय समजायचं हो?”

बायको हसली. त्याला हसू आलं नाही. लिफ्टचं दार लागेपर्यंत तो तिथंच उभा राहिला, कुलपाचा खटका पडलेला त्यानं ऐकला, आणि मगच तो जिन्याकडे वळला.

कंपनीत त्याला सगळे कानसेन म्हणत. बिघडलेल्या लिफ्टपाशी गेला की तो आधी हत्यारांची पिशवी खाली ठेवायचा, भिंतीला कान लावायचा आणि वरून खाली एक फेरी होऊ द्यायचा. मग म्हणायचा, “तिसऱ्या मजल्याच्या वर डाव्या बाजूचा रूळ कोरडा पडलाय.” आणि तसंच निघायचं. नवे लोक पैजा लावायचे आणि हरायचे. पंधरा वर्षांनी कुणालाच पैज लावावीशी वाटेना, तेव्हा त्याचं नाव कायमचं कानसेन झालं. त्याला आवडायचंही ते. घरी बायको म्हणायची, “भिंतींचं बरं ऐकू येतं तुम्हाला!”

दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. पिशवीत किल्ली शोधायला लागली.

“अजून चार मजले आहेत की. आत्ताच कशाला किल्ली?”

“असू दे. हाताशी असलेली बरी.”

किल्ली सापडायला बराच वेळ लागला.

हे जिन्यानं जाणं तीन आठवड्यांपासून चाललं होतं. एका आठ मजली कचेरीची लिफ्ट त्याच्याकडे देखभालीला होती. त्याच्या आधीच्या महिन्यातल्या एका मंगळवारी तो नेहमीप्रमाणे तिथं गेला, प्रत्येक मजल्याचं दार उघडून लावून बघितलं, दोर तपासले, तेलपाणी केलं आणि वहीत ‘ठीक’ लिहून सही केली. शुक्रवारी दुपारी तिथल्या एक टायपिस्ट बाई चौथ्या मजल्यावर लिफ्टपाशी आल्या. मागून मैत्रीण काहीतरी सांगत होती. तिच्याकडे बघत हसत बाईंनी दार ओढलं. ते उघडलं. खरं तर उघडायला नको होतं, कारण केबिन सातव्या मजल्यावर होती. बाईंनी मागं बघतच पाय आत टाकला.

कानसेन त्या वेळी शेजारच्या गल्लीत दुसऱ्या कामावर होता. सगळ्यांत आधी तो पोचला. तळमजल्याचं दार किल्लीनं उघडून खाली खड्ड्यात उतरणाराही तोच, कारण तिथं कसं उतरायचं हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. खाली त्यानं काय पाहिलं ते त्यानं कधीच कुणाला सांगितलं नाही. वर आल्यावर तो एवढंच म्हणाला होता, “त्यांची एक चप्पल वर चौथ्यालाच राहिलीय. कुणीतरी आणा.”

चौकशी झाली. गुरुवारी त्या मजल्यावरची कपाटं हलवली होती. दार सारखं सारखं लागू नये म्हणून हमालांपैकी कुणीतरी कुलपात पुठ्ठ्याची घडी कोंबली होती. ती काढायची राहिली. कानसेनवर ठपका आला नाही. पहिल्याच दिवशी त्यानं साहेबांना सांगितलं होतं, मंगळवारी सगळं ठाकठीक होतं, आणि ते खरं होतं.

पण आठ-दहा दिवसांनी अंगावर पाणी घेताना त्याला एकदम आठवलं, की मंगळवारी चौथ्या मजल्याचा खटका जरा उशिरा पडला होता. किंचित. पापणी लवायला लागतो तेवढाच उशीर. आणखी काही दिवसांनी तो आवाज त्याला जसाच्या तसा ऐकू यायला लागला. मग आपण त्या दारापाशी घुटमळलो होतो, हात परत मुठीकडे गेला होता, हेही आठवलं. तो साहेबांकडे गेला.

“साहेब, मला त्या दिवशी कळलं होतं.”

“काय कळलं होतं?”

“खटका बरोबर नव्हता.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अरे बाबा, पुठ्ठा गुरुवारी कोंबला. तू गेलास मंगळवारी. गुरुवारचा पुठ्ठा तुला मंगळवारी कसा ऐकू येईल?”

“ते मला माहीत नाही. पण ऐकू आला होता.”

साहेबांनी त्याला आठ दिवस रजेवर पाठवलं आणि त्याच्या मागणीवरून कामही बदलून दिलं. आता तो कारखान्यात दोरांची मापं घेत बसायचा. जमिनीवर. तिथं कुठून पडायची भीती नव्हती.

रजेत त्यानं स्वतःच्या इमारतीची लिफ्ट तपासली. सातही दारं, प्रत्येक तीनतीनदा. कुठंच खोट निघाली नाही. पण सगळं ठीक निघालं म्हणून तर तो जास्तच हबकला. तिथंही ठीकच निघालं होतं ना! त्याच संध्याकाळी त्यानं बायकोला सांगून टाकलं, “आजपासून लिफ्ट बंद. आपल्यापुरती.”

ती शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती. सकाळी उतरायची, दुपारी चढायची. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “बरं.”

तीन आठवड्यांचे तीन महिने झाले, तरी त्याचा धसका कमी होईना. उलट तो रोज ताजा व्हायचा. पेपर आला की आधी तो लिफ्टच्या बातम्या शोधायचा आणि त्या कापून एका जुन्या डायरीत चिकटवायचा. कुठल्या कुठल्या गावांच्या, देशांच्या बातम्या. पंधरवड्याला एखादी तरी मिळायचीच. “बघ,” असं म्हणून तो डायरी बायकोपुढं ठेवायचा. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात घसरले, खुबा मोडला, दीड महिना अंथरुणाला खिळले. त्यावर तो म्हणाला, “त्यात जिन्याचा काय दोष? कठडा धरायला नको?” ती बातमी डायरीत गेली नाही.

लेक रविवारी यायची. ती एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची आणि सरळ लिफ्टनं वर यायची. बेल वाजेपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागायचा. एकदा त्यानं दार उघडल्या उघडल्या तिच्यावर तोंड सोडलं.

“बाबा, बसा इथं,” ती म्हणाली. “तुमच्या कंपनीच्या लिफ्ट किती?”

“अकराशेच्या वर.”

“आणि तीस वर्षांत असं किती वेळा झालं?”

“एकदा.”

“मग?”

“त्या एका वेळी तिथं माणूस होतं.”

लेक आईच्या पायांकडे बघत म्हणाली, “आई, हे घोटे कधीपासून सुजलेत?”

“नव्या चपला आहेत गं.”

“चपलांनी असं सुजतं होय? आणि मघाशी तू फोनवर बोलताना केवढी धापा टाकत होतीस.”

“नुकतीच वर आली होती,” कानसेन मध्येच म्हणाला. “चढून आल्यावर दम लागणारच. दम लागतो म्हणजे व्यायाम होतोय.”

पहिल्या महिन्यात तो म्हणाला होता, सवय नाही म्हणून दम लागतो. दुसऱ्या महिन्यात म्हणाला, वजन उतरायला लागलं की असंच होतं. तिसऱ्यात उकाडा होता. दर वेळी नवं कारण हाताशी यायचं आणि तेवढ्यापुरतं खरंही वाटायचं. लेकीनं आपल्या ओळखीच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली. डॉक्टरांची खोली सातव्या मजल्यावर आहे असं कळल्यावर त्यानं ती पुढं ढकलली. “तळमजल्यावरचा कुणी बघू,” म्हणाला. तो बघायचा राहून गेला.

बायकोनंही लावून धरलं नाही. अपघाताच्या दिवशी घरी आल्यावर तो मोरीत हात धूत उभा होता. साबणाची वडी अर्धी होईपर्यंत. तिनं नळ बंद केला होता आणि त्याचे हात आपल्या पदराला पुसले होते. ह्याची भीती उतरेपर्यंत आपण चढू, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. हे त्याला पुढं लेकीकडून कळलं.

जिना सुरू होऊन सातवा महिना चालू होता. तो दिवस बुधवार होता. शाळेत पुस्तकांची मोजदाद होती, म्हणून ती उशिरा सुटली आणि दोघं फाटकातच भेटले. लख्ख दुपार होती. लिफ्ट तळमजल्यावर उभी होती. तिनं एकदा लिफ्टकडे पाहिलं आणि ती जिन्याला लागली.

पहिल्या मजल्यावर ती थांबली. दुसऱ्यावर पुन्हा. तिसऱ्यावर तिनं किल्ली वगैरे काही शोधली नाही, सरळ कठड्यावर कपाळ टेकलं.

“काय होतंय?”

“काही नाही. अपचन असेल. इथं दुखतंय जरा.” तिनं जबड्याखाली बोट लावलं.

“अपचनानं तिथं दुखतं?”

“मग दात असेल.”

चौथ्या मजल्यावर ती पायरीवर बसली. तिचा चेहरा ओल्या राखेसारखा झाला होता, आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब. कानसेननं ते पाहिलं. पण त्याच्या तोंडून जे निघालं ते असं: “चार झाले. दोनच राहिले. आता परत खाली कशाला? घरी जाऊन आडवी हो.”

तिनं मान हलवली आणि ती उठली. त्यानं काखेत हात घालून तिला धरलं होतं. सात पायऱ्या ती चढली. त्या सात पायऱ्या तो पुढं जन्मभर मोजणार होता. आठव्या पायरीवर तिचं सगळं वजन एकदम त्याच्या हातात आलं.

त्यानं हाक मारली. कुणाला मारली त्यालाच कळलं नाही. वर दार उघडलं, भराभर सपाता वाजल्या आणि हेडबाई कठड्यावरून वाकल्या. एका नजरेत त्यांनी काय ते ओळखलं. “तिला तिथंच टेकवा. मी खुर्ची आणते. गाडी बोलावते. वॉचमनला सांगते.”

त्या खुर्ची घेऊन लिफ्टनं पाचव्या मजल्यावर उतरल्या. चौथ्या मजल्यावरचा शिंपी आवाज ऐकून मानेवरची टेप तशीच ठेवून धावत आला. दोघांनी मिळून तिला उचललं, पाचव्याच्या चौकात नेलं आणि खुर्चीत बसवलं. तिचे डोळे अर्धे उघडे होते. ओठ निळसर.

“घ्या, आत घ्या,” हेडबाईंनी लिफ्टचं दार उघडून धरलं.

“नको,” कानसेन म्हणाला. “खुर्ची उचलून जिन्यानं नेऊ. आम्ही दोघं आहोत.”

“पाच मजले? वेड लागलंय का तुम्हाला? ह्या वळणांवरून खुर्ची फिरायची तरी का?”

“नेऊ आम्ही.”

“अहो, तिच्याकडे बघा!”

तो बघत होता. बघत होता, आणि तरीही त्याला हेडबाईंच्या पाठीमागची केबिन दिसत नव्हती. तिथं त्याला काळी, उभी पोकळी दिसत होती, आणि तळाशी खड्ड्यातलं तेलकट पाणी. दिवा चालू होता. फरशी होती. शिंप्यानं एक पाय आत ठेवलेलाही होता. कानसेननं पुढं होऊन दार हेडबाईंच्या हातून काढून घेतलं. “एक मिनिट. एकच मिनिट.” शिंप्याला त्यानं बाहेर ओढलं, दार लावलं, कान टेकवला. उघडलं. पुन्हा लावलं. खटका स्वच्छ पडला. कदाचित जरा उशिरा पडला. तिसऱ्यांदा लावायला त्यानं हात घातला तेव्हा बायकोचा आवाज आला, अगदी बारीक.

“अहो… पुरे.”

त्यानं खुर्चीचे पुढचे पाय उचलले आणि तो उलटा आत शिरला. पाठमोरा. टाचेनं त्यानं आधी फरशी चाचपली. शिंपी आला, जाळी ओढली गेली, हेडबाई बाहेरच राहिल्या आणि जिन्यानं धावत निघाल्या. त्यानं बटण दाबलं.

पाच ते तळ, बावीस सेकंद लागतात. त्यानंच कधीतरी मोजलेले होते. प्रत्येक सेकंदाला त्याला एक आवाज ऐकू येत होता आणि प्रत्येक आवाजाचं नाव त्याला ठाऊक होतं. रुळाची करकर. जोडावरचा धक्का. दोराची गुणगुण. ह्यातला एकही घातकी नाही, हे त्याला माहीत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. तिसरा मजला गेला. दुसरा गेला. तेवढ्यात त्याला आणखी एक आवाज ऐकू आला, कितीतरी जवळचा. बायकोचा श्वास. आत जाताना घासल्यासारखा, तळाशी ओला, आणि परत यायला फार उशीर करणारा. असा श्वास एका दिवसात होत नाही. तो सहा-सात महिने त्याच्या शेजारी जिना चढत होता.

लिफ्ट तळाला टेकली. काहीही झालं नाही. शिंप्यानं दार उघडलं.

इस्पितळात तिला आत नेलं. दीड तासानं एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या. तोवर लेकही आली होती.

“वाचल्यात. पण हृदयाचा बराच भाग दुखावलाय. दम लागणं कधीपासून होतं?”

“आजच,” कानसेन म्हणाला.

लेकीनं त्याच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई पेन धरून थांबल्या होत्या.

“सात महिने,” तो म्हणाला. “पायांना सूजही होती.”

“आणि रोजची हालचाल?”

“सहा मजले जिना. एकदा खाली, एकदा वर. कधी दोनदा.”

“लिफ्ट नाहीये इमारतीत?”

“आहे.”

“मग जिने चढायला कुणी सांगितलं?”

“मी.”

डॉक्टरीणबाईंनी ते लिहिलं की नाही कुणास ठाऊक. त्या आत गेल्या. लेक बाकावर त्याच्या शेजारी बसली, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून.

बायको बारा दिवसांनी घरी आली. लिफ्टनं. तो तिच्याबरोबर आत उभा राहिला, डोळे मिटून. डायरी त्यानं आधीच रद्दीत टाकली होती. पण भीती रद्दीत जात नाही. तिनं फक्त घर बदललं. आता त्याला जिकडे तिकडे हृदयाचे झटके दिसू लागले. कारखान्यात कुणाचा तरी मेहुणा गेला. पेपरात कुणी खेळाडू धावता धावता कोसळला. तो बायकोला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईना. ती खिडकीपाशी उभी राहिली की खुर्ची घेऊन मागं. ती झोपली की तिच्या नाकापाशी हात. डॉक्टर म्हणाले होते, सावकाश सपाटीवर चाला, तीन महिन्यांनी अर्धा वेळ कामाला जा. त्यानं शाळेत परस्पर फोन करून टाकला, की ती आता येणार नाही.

तीन महिने संपत आले तेव्हा तिला ते समजलं, आणि तिनं त्याला समोर बसवलं.

“तुम्ही घाबरलात म्हणून मी सात महिने चढले,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढवायला दमच नव्हता. “तेव्हा मीच ‘नाही’ म्हणायला हवं होतं. चूक माझीही आहे. पण आता तुम्ही घाबरलात म्हणून मी ह्या खुर्चीत बसून मरणार नाही.”

“मरायचं काय बोलतेस?”

“मग काय बोलू? तुम्हाला दुसरं सुचतंय का काही?”

तो उठून तिच्या पाठीमागची उशी सारखी करायला लागला.

“शाळेला मी फोन केलाय,” ती म्हणाली. “सोमवारपासून जाणार आहे. दहा ते एक.”

“मी सोडायला येतो.”

“हेडबाई त्याच वेळेला खाली उतरतात. त्यांच्याबरोबर जाईन.”

“फाटकापर्यंत तरी?”

“दारापर्यंत या,” ती म्हणाली.

सोमवारी सकाळी तिनं बारीक काठाची निळी साडी नेसली. ती तिला सैल झाली होती. निऱ्या दोनदा घालाव्या लागल्या. चौकात हेडबाई लिफ्टचं दार धरून उभ्या होत्या. आज त्या थट्टा करायच्या मनःस्थितीत नव्हत्या, नुसत्या “चला” म्हणाल्या. बायको आत गेली. कानसेन लिफ्टपाशी उभा होता. दाराच्या काचेत तिचा चेहरा आला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, हेडबाईंना काहीतरी सांगत होती आणि सांगता सांगता हसत होती. मागं बघत, हसत… त्या टायपिस्ट बाईंसारखी. त्याचा हात दाराकडे गेला.

तो त्यानं कठड्यावर ठेवला. घट्ट. लिफ्ट खाली गेली.

घरात येऊन तो उभा राहिला. घर एकदम मोठं झालं होतं. टेबलावर तिचा अर्धा चहा कपात तसाच होता, निवलेला, वर साय धरलेली. बोटानं साय बाजूला करून त्यानं तो उभ्या उभ्याच पिऊन टाकला आणि कप विसळून उपडा ठेवला.